सहाशे बारा यंत्रं

(कोल्हापुरातल्या एका लहानशा कॉल सेंटरची काचेची खोली. दुपारचे अडीच. मालक सयाजीराव, फोन लावायची यंत्रणा विकायला पुण्याहून आलेला अभिराम आणि अकरा वर्षं इथं फोनवर बसणारी क्रांती.)

सयाजीराव : आन् त्ये दुसरं? बटण दाबलं की एकच नंबर लावणारं?

अभिराम : ते घेऊ नका सर. नदीकाठची चार हजार घरं, तुमच्या पंचवीस मुली. संध्याकाळ होईल. ही यंत्रणा एकदम चाळीस नंबर फिरवते आणि माणसानं उचलला तरच मुलीला जोडते. आज चाचणीतच शिरोळची यादी दोन तासांत संपली की नाही?

सयाजीराव : पुराचा निरोप दोन तासांत घरोघरी! क्रांती, सही करतो बघ.

क्रांती : थांबा दादा. हितं यादीत आमच्या वडलांच्या, आबांच्या नावापुढं ‘यंत्र’ का आलंय?

अभिराम : गणपतराव... हां. म्हणजे तिकडून रेकॉर्ड केलेला आवाज आला. यंत्रणेनं ओळखलं आणि फोन सोडून दिला.

क्रांती : आबांकडं साधा बटणांचा फोन हाय. त्येच्यात कसलं रेकॉर्ड?

अभिराम : मॅडम, माणूस ‘हॅलो’ म्हणतो आणि थांबतो. रेकॉर्डिंग थांबत नाही, बोलतच राहतं. त्यावरून कळतं.

क्रांती : थांबत न्हाई... अगं आई गं!

सयाजीराव : काय झालं? अशी पांढरी का पडलीस?

क्रांती : दादा, आबा फोन उचलला की काय म्हणत्यात? “हां बोला पावणं, कुठनं बोलताय, पाऊस हाय का तिकडं, जेवलासा का, आमची म्हस व्याली बगा...” दम घेत न्हाईत ओ.

सयाजीराव : आमच्या भागात समदी म्हातारी तशीच बोलत्यात की!

क्रांती : त्येच सांगतीया!

सयाजीराव : अभिराम, असली यंत्रं किती हायत यादीत?

अभिराम : बघतो... सहाशे बारा.

सयाजीराव : आन् त्यास्नी निरोप?

अभिराम : नाही गेला. ती घरं झाली असंच धरलंय यंत्रणेनं. सर, पुण्यात कधी असं...

सयाजीराव : पुणं ठेव तिकडं! क्रांती, पाणी कवा चढणार म्हणालेत?

क्रांती : चारला, दादा. एकोणीसच्या पुरात आय दोन दीस छपरावर हुती. आता तिला शिडी बी चढवत न्हाई.

सयाजीराव : रडू नगं. समद्या पोरींना कागदावर नावं वाटून दे. आपापल्या मोबाईलवरनं लावा. मी बी बसतो. अभिराम, तू बी घे एक कागद.

अभिराम : मी... काय बोलू त्यांच्याशी?

क्रांती : मधी तोडलंसा तर रागानं ठिवून देत्यात. जेवलो म्हणायचं, मग पाण्याचं सांगायचं.

सयाजीराव : तू आदी आबांना लाव.

क्रांती : मगापासनं तीनदा लावला. नुसता वाजतोय. सकाळी उचलला हुता त्यांनी, दादा. म्हशीचं सांगत असतील, आन् हिकडं ऐकायला कुणीच नव्हतं.

सयाजीराव : शेजारी कोण हाय?

क्रांती : गुंडूकाका. त्यो बी यंत्रच... लागला! हॅलो, काका? व्हय, क्रांती. व्हय, जेवले. व्हय, हाय की पाऊस. काका... काका, जरा दम घ्या की ओ.