कोचची फॅमिली

माझ्यासमोर फॅमिली हा शब्द काढू नका हं, फुटबॉलच्या कोचने काढलेला तर नकोच नको. आमचा निनाद बारावीत असताना हा कोच त्याला कॉलेजच्या टीममध्ये घ्यायला इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला आमच्या घरी आला आणि बटाटेवडे चापता चापता म्हणाला, "मॅम, तुमचा मुलगा आता आमच्या फॅमिलीतला." तेव्हापासून दर होम गेमला टीमसाठी वडे मीच तळायचे. सगळी पोरं मला काकू म्हणायची.

गेला अख्खा सीझन टीमने मार खाल्ला. मग कोचने डिफेन्स सुधारायचा ठरवला. म्हणजे काय, तर दुसऱ्या कॉलेजांतून धिप्पाड, तयार पोरं उचलून आणली आणि निनादला सांगितलं, "तुला जागा नाही, दुसरं कॉलेज बघ."

पुढच्याच आठवड्यात मला कोचचा फोन. वाटलं, सॉरी म्हणेल. तर म्हणतो, "नवीन मुलांसाठी वेलकम पार्टी आहे. वडे आणाल ना?"

मी नाही म्हणणार, तोच शेजारी बसलेला नवरा कुजबुजला, "हो म्हण गं, बरं दिसत नाही."

केले वडे. वाढायला उभी राहिले, तर समोर निनादच्याच नंबरची जर्सी घातलेला पोरगा. लाजत म्हणाला, "थँक यू, काकू. कोच म्हणाले, इथे सगळी फॅमिलीच आहे."

म्हटलं, "खा बाळा, पोटभर खा. फक्त तुझ्या आईला सांग, कोच घरी आला तर नुसतं पाणी दे म्हणावं."