पाचवं मत

हॉस्पिटलात प्लंबरच्या मेहुण्याच्या मांडीवरच्या फायलीत चार रंगीत चिठ्ठ्या होत्या, दर डॉक्टरमागे एक. शेजारी आपल्या नंबराची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेने त्या मोजल्या, तेवढ्यात मेहुणा प्लंबरकडे वळला.

“भाऊजी, चौघंही एकच म्हणतात. तुमचं मूत्रपिंड काढा आणि कॅन्सरची गाठ मोठ्या शिरेत शिरलीय, तीही काढा. मला हे आपसात ठरलेलं वाटतंय.”

“आणि चौघं वेगवेगळं बोलले असते तर?” प्लंबरने विचारलं.

“तर म्हटलं असतं, यांना काही कळत नाही. आपण पाचवं मत घेऊ.”

“अरे, पहिल्या मताच्या वेळी गाठ शिरेत दोन सेंटिमीटर होती,” प्लंबरची बायको म्हणाली. “चौथ्याला सहा.”

“ताई, घाईत कामं बिघडतात.”

“आपल्याला घाई नाही रे, त्या गाठीला आहे.”

“भाऊजी, तुम्हीच सांगा.”

“ड्रेनेजच्या पाइपात झाडाची मुळी शिरली की घरमालक असाच गावभर विचारत फिरायचा. तोवर मुळी पुढच्या पाइपात.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“मालक मला बोलवेपर्यंत थांबायचो. तीच चूक.”

प्लंबर उठला आणि नोंदणीच्या खिडकीशी गेला.

“बाई, मला दाखल करून घ्या. मी ऑपरेशन करून घेतोय.”