जाड लिफाफे ताईंकडे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान, आणि चहाकडे डोळे लावूनही शांत बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ताईंच्या निरोपाला त्यांच्याबद्दल चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर काढली, चार शब्दांत कसं भागणार? खरं सांगू? मला या बाईंचा पहिल्या महिन्यापासून हेवा वाटत आला आहे. त्याआधी मी दाराशी स्टुलावर बसणारा शिपाई. परीक्षा देत देत तक्रार विभागाचा प्रमुख झालो. निकाली काढलेल्या पत्रांचा आकडा दर महिन्याला फलकावर लागतो. त्यात ताई पहिल्या, मी दुसरा. घरी आमची मंडळी विचारायची, "याही वेळी त्याच का?" मी ताटावरून उठायचो.

आता अध्यक्षांनाही ठाऊक नाही ते सांगतो. सकाळचं टपाल वाटायचं काम माझ्याकडे. जाड लिफाफ्यात सात वर्षांचं भांडण असतं, बारीक लिफाफ्यात पत्ता बदलल्याची चिठ्ठी. फलकावर मात्र दोन्ही एकेकच धरले जातात. गेली दोन वर्षं जाड सगळे ताईंकडे गेले. कोणी विचारलंच तर मी म्हणायचो, "अवघड काम त्यांनाच जमतं." कौतुकाआड काय काय लपतं, नाही?

त्या एकदा हसून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या वाट्याला बरे हलके येतात."

"नशीब, ताई," मी म्हटलं. त्या पुन्हा कामाला लागल्या. हे असं सोडून देणं मला कधी जमलं नाही, म्हणून त्याचाही हेवा.

माझे कान तिखट. एका दुपारी त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं, एकच पत्र चौथ्यांदा वाचतेय, डोक्यात शिरत नाही. कामाचा कंटाळा नाही गं, मीच संपलेय." मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांना पाच जाड लिफाफे दिले. त्या महिन्यात मी पहिला आलो आणि सगळ्यांना चहा पाजला. आपणही प्यालात.

मग ताईंच्या अहवालात शेरा पडला, 'कामगिरी घसरली'. खाली सही माझी. तो वाचून त्यांनी राजीनामा लिहिला, निवृत्तीला आठ वर्षं असताना.

अध्यक्ष महोदय, मंजुरीची सही आज संध्याकाळी व्हायची आहे. ती थांबवा. तो शेरा मी सगळ्यांदेखत मागे घेतो. टपालवही तपासा, मी बोलतोय ते तिच्यात दिसेल. ताईंना सहा महिने भरपगारी रजा द्या, परत यायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. तोवर जाड लिफाफे माझ्या टेबलावर. यजमानसाहेब, तुम्ही माझ्याकडे बघताय तसंच बघायला हवं.

ताईंसाठी आपण एवढे जमलात, आभारी आहे. माझ्या वेळी इतक्या खुर्च्या लागतील असं वाटत नाही. बोलताना पायरी सुटली असेल तर सभागृहानं पोटात घालावं. ताईंकडे मात्र आज माफी मागत नाही. त्या लगेच देऊन टाकतील, आणि मग मला त्याचाही हेवा वाटेल.