कोत्रबा सरांचं घंगाळ

आजच्या सभेचे अध्यक्ष, माजी प्राचार्य तात्यासाहेब, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, सत्कारमूर्ती डॉ. विलेम कोत्रबा, आणि समोर बसलेले त्यांचे विद्यार्थी, ज्यांतल्या निम्म्यांचे केस सरांच्या आधी पिकलेत, अशा सर्व सज्जनहो आणि भगिनींनो,

मी भानुमती. सरांची घरमालकीण. एवढीच माझी पदवी. सरांचं संशोधन, त्यांनी शहागंज-गुलमंडीतल्या विहिरींचं पाणी तपासून किती घरांतलं दुखणं थोपवलं, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. बाटल्या घेऊन गोरा साहेब विहिरीत वाकलाय म्हटल्यावर निम्मी गल्ली गोळा व्हायची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. असो. मी घरातलं सांगते.

पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. चेकोस्लोव्हाकियात राज्य पालटलं म्हणून देश सोडलेला हा तरुण रसायनशास्त्र शिकवायला आपल्या कॉलेजात आला आणि गुलमंडीत आमच्या माडीवर राहू लागला. आमच्या ह्यांनी एकच अट घातली, घरात मासमच्छी शिजणार नाही. सरांनी मान डोलावली. शब्दाचे पक्के.

डिसेंबर उजाडला. एके दिवशी सर आमचं अंघोळीचं तांब्याचं घंगाळ सायकलला बांधून घेऊन गेले आणि आतून कल्हई करून आणलं. मला वाटलं, किती रीतीभातीचा माणूस! सासूबाईंना तर गहिवरून आलं. पोटच्या लेकांना कधी सुचलं नाही, म्हणाल्या.

दोन दिवसांनी पहाटे सासूबाई अंघोळीला गेल्या, त्या तशाच बाहेर आल्या. "भानू, घंगाळात कोण आहे गं?"

पाहते तर हातभर लांब रोहू, मजेत फिरतोय. तांबं माशाला बाधतं म्हणून कल्हई केली होती, हे तेव्हा कळलं. आमच्या सासूबाईंचं, यमुनाबाईंचं सोवळं ज्यांनी पाहिलंय, ते समोर आत्ताच हसू लागलेत. आमचे हे तर म्हणाले, आजच्या आज खोली रिकामी करा.

सर जिन्यावर उभे. नुकतीच टांगेवाल्यांकडून शिकलेली भाषा. म्हणाले, "मांजी, ये मेहमान है. कल जाएगा." शिजवायचं नाही अशी अट होती, पोहण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मग अडखळत सांगू लागले. त्यांच्याकडे नाताळाला जिवंत मासा आणतात. दोन दिवस न्हाणीत ठेवतात. पोरं त्याला नाव देतात आणि जेवायची वेळ आली की रडतात. मग वडील मुकाट्यानं त्याला नदीत सोडून येत. एवढं हसत सांगितलं. त्याच आठवड्यात त्यांना कळलं होतं की त्यांच्या देशानं त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. आई तिकडे होती. म्हणाले, "अब घर नहीं जा सकता. इसलिए मछली लाया."

हे खाली बघू लागले. पण खोलीचा निर्णय आमच्या घरात ह्यांचा कधी होता? सासूबाई घंगाळापाशी गेल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "नारायणानं पहिला अवतार हाच घेतला होता की. मनूच्या ओंजळीत आला, तेव्हा मनूनं त्याला हाकललं होतं काय?" तुळशीचं पान टाकलं आणि स्वतः बादलीनं अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी टांगा करून आम्ही सगळे हर्सूलच्या तळ्यावर गेलो. ज्यानं मासा विकला तो कडूबा तिथंच जाळं वाळवत होता. "सोडायचा व्हय?" तो म्हणाला, "मंग म्या धरला कशाला?" पण कडूबानं दरसाल मासा आणला, आता त्याचा मुलगा आणतो, आणि आम्ही दरसाल तो सोडून येतो. सासूबाई गेल्या, हेही गेले. तुळशीचं पान आता मी टाकते.

तर आता तिकडचं राज्य पुन्हा पालटलंय. सरांना व्हिसा मिळालाय. आई राहिली नाही, पण धाकटी बहीण आहे, आणि तिनं बोलावलंय. चाळीस वर्षांनी भावाला बघणाऱ्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? जावं त्यांनी. पण खरं सांगू का, महिनाभर मला अन्न गोड लागलेलं नाही. परत येणार का, हे विचारायला माझं तोंड उघडेना. उत्तर नको ते आलं तर?

परवा दुपारी, भर उन्हात, सर घंगाळ घेऊन शहागंजात निघाले. मी म्हटलं, "सर, एप्रिल चाललाय. कल्हई आत्ताच कशाला?"

म्हणाले, "वहिनी, डिसेंबरात माझं विमान उशिरा आलं तर पाहुण्याला ताटकळत ठेवायचं का?"

मी आत जाऊन पदरानं डोळे पुसले. हे त्यांना माहीत नव्हतं, आता कळलं.

तेव्हा अध्यक्षमहाराज, पत्रिकेवर निरोप समारंभ छापलंय ते छापणाऱ्याचं म्हणणं, माझं नव्हे. आपण सगळ्यांनी एका घरमालकिणीचं इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. मोठ्यांच्या सभेत बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि सर, घंगाळ लख्ख झालंय. पण रोज कढत पाणी पडलं की कल्हई डिसेंबरच्या पुढे टिकत नाही, हे रसायनशास्त्राच्या माणसाला मी काय सांगावं?