नववा खड्डा

मी पोखर्णीकडचा. बाप सालगडी, शाळा सातवीपत्तुर. पुढं कालव्यावर चौकीदार लागलो अन् तिथंच गौतम भेटला, तो बी चौकीदार, जिंतूरकडचा. तीस वर्सं आमी एकाच कालव्याचं पाणी सोडलं, काय सांगू तुमाला, सख्खा भाऊ बी एवढा सोबत राहत न्हाई.

आता तुमी हसताल, पण आमी गोल्फ खेळायचो. आमचे जुने साहेब रिटायर झालते, त्येंना नाद. त्येंनीच कालव्याच्या वसाहतीमागच्या पडीक रानात डबे पुरून नऊ खड्डे केले, खड्ड्यापाशी लाल चिंधी. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की जिलबी खायाची अन् तिघांनी तिकडं निघायचं. टोला हाणायचा, चालायचं, जुन्या गोष्टी काढायच्या. घाई कशाची? गौतम चेंडूला शिव्या द्यायचा, साहेब हसायचे.

त्या वर्सी सकाळपासूनच लय उबारा, झाडाचं पान हालंना. आठव्या खड्ड्यापाशी आलो तं उत्तरंकडं आभाळ काळंठिक्कर. टिटव्या ओरडायलत्या, मग त्या बी गप झाल्या. साहेब म्हणले, हातात लोखंडाच्या काठ्या हायत, चला घरी, अन् ते निघाले बी. गौतम म्हणला, चल रे, मला काय बरं वाटंना. अन् मी एका टोल्यानं पुढं होतो, जन्मात पहिल्यांदा जिंकायलतो. मी म्हणलं, भेलास का, एकच खड्डा राहिलाय.

तो थांबला. माझ्यासाठी थांबला. चेंडूपाशी गेला, काठी उचलली अन् नुसता उजेड झाला. आवाज मला आठवत न्हाई. डोळे उघडले तं मी गवतात पडलेलो, गौतम पलीकडं, त्याच्या बुटातून धूर निघायलता. साहेब पळत आले, छाती दाबली, गाडीत घातला, पण दवाखान्यापत्तुर काही राहिलं नव्हतं.

साहेबांनी तवापासून काठी धरली न्हाई. मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. गौतमची बायको, आमच्या वहिनी, शाळेत बाई होत्या. अजून सणासुदीला डबा धाडतात. म्हणतात, भाऊजी, तुमी जवळ होता, येकटे न्हाई गेले ते. मी खाली मान घालून खातो.

दोनदा सांगायला गेलो, पाणी पिऊन माघारी आलो. तोंडातून निघतच न्हाई. म्हणून तुमा पेपरवाल्यांना सांगायलोय. भेलास का म्हणलं ते बी लिहा, माझं नाव बी घाला, अन् छापलं की पहिलं वहिनीकडं धाडा. त्या वाचतील. मग मला दारात उभं करायचं का न्हाई, ते त्येंनी ठरवावं.