गाडीपुरता आडोसा

...नाही हो, ती पट्टेरी गाडी इथे थांबत नाही, उगाच कॅमेरा मांडीवर घेऊन ताटकळू नका. समोरून जाते, बस्स. चाक होईल तोवर बसा बाकावर – त्या कडेला नको, तिथला खिळा वर आलाय. दोन ठिकाणी गेलीय तुमची ट्यूब, हे बघा पाण्यात कसे बुडबुडे येताहेत. वेळ लागेल. माझं सगळंच सावकाश असतं, बोलणंसुद्धा. बायको म्हणायची, ह्यांचं एक वाक्य संपेपर्यंत दूध उतू जातं.

ती चाचणीची, अजून बाजारात न आलेली गाडी ना? बघतो की, रोज बघतो. तुमच्यासारखे आणखी दोघे येऊन गेले, कॅमेरेवाले. एक म्हणाला परदेशी कंपनीची, दुसरा म्हणाला छे, मागे पाय पसरून बसणाऱ्या बड्या लोकांसाठी आहे. ते दुसरं खरं असावं. मागचं दार पुढच्यापेक्षा लांब आहे – मालक स्वतः चालवणार असता तर पुढच्या माणसाचे लाड केले असते ना? आणि ते अंगभर वरून चढवलेलं काळ्यापांढऱ्या चट्ट्यांचं कातडं, नजर म्हणून ठरत नाही त्यावर. दिव्यांच्या जागी नुसत्या दोन चिरा. डोळ्यांवर पट्टी बांधून खेळायला निघालेल्या पोरीसारखी दिसते. लांबी मात्र मी सांगतो तुम्हाला – साडेसतरा फूट. हसू नका. समोर कडेला पांढरे दगड रोवलेत ना, तिचं नाक ह्या दगडाशी आलं की शेपूट त्या वाकड्या दगडाशी असतं. टेप लावून मोजलंय मी. – का म्हणजे? असंच. रिकामा माणूस. – काय म्हणता? कातड्याखाली खोटे फुगवटे लावतात? आकार कळू नये म्हणून? म्हणजे खरी गाडी त्याहून लहान? अरे देवा. मग माझा पाया उगाचच मोठा झाला म्हणायचा.

कसला पाया काय, तो मागे विटांचा ढीग दिसतोय ना, तो. शेड बांधतोय. तीन भिंती झाल्यात, गुडघ्याएवढ्या. भंगारातून लोखंडी दारही आणलंय, बंद केलं की बाहेरून काही म्हणजे काही दिसणार नाही. – माझी गाडी? माझी सायकल आहे, ती काय भिंतीला टेकून उभी राहते. नाही, पण एखाद्याला हवा असतो आडोसा. एखादी गाडी चार लोकांच्या नजरेआड उभी करायची असते. तेव्हा लोक भिंत बघतात हो, माणूस नाही बघत. माझ्या व्याह्याकडे भिंत आहे, पुरुषभर उंच, वळणापलीकडे तीन-चार कोसांवर त्याचं गोदाम आहे ना, तिथे – म्हणून तर कंपनीने भाड्याने घेतलं. नाहीतर त्याला गाडीतलं काय कळतं? दार उघडताना कड्या शोधतो. आणि आता बघा त्याची ऐट. काल आला होता इथे सायकलमध्ये हवा भरायला. घरी पंप आहे त्याच्या! मुद्दाम आला. हवा भरता भरता म्हणतो, मागच्या गादीवर बसून पाहिलं, टेकलं की झोपच लागते. अरे, तुला बाकावरही लागते, लेकाच्या लग्नात मांडवात घोरत होतास, सगळ्यांनी बघितलंय.

मला गादीचं काही नाही. खरंच नाही. पण ती त्याला बाबा म्हणते. मला आप्पा म्हणते आणि त्याला बाबा. लहानपणापासून आप्पा म्हणायची तेव्हा मला ते गोड वाटायचं, आता वाटतं की चांगला शब्द तिने राखून ठेवला होता, आणि नेऊन दिला त्याला.

कोण म्हणजे? चालवणारी. माझी लेक.

हो, बाई चालवते ती गाडी, काय झालं? तुमच्या कॅमेऱ्यात टोपी आणि काळा चष्मा दिसला असेल, आत माझी लेक आहे. तिला चालवायला कुणी शिकवलं? व्याह्याने? ट्रक होता माझ्याकडे तेव्हा. पाठीशी दोन उशा लावायचो तरी पाय पोचायचे नाहीत, मग क्लच मी दाबायचो आणि गिअर ती टाकायची – दोघांत मिळून एक ड्रायव्हर. माझ्याआधी तिला कळायचं, इंजिन कुठे दमलं ते. आणि आता समोरून जाते तर मान वळवत नाही. सरळ पुढे बघते. नियम आहे म्हणते, ओळख दाखवायची नाही, वाटेत थांबायचं नाही. घरी आली तरी गाडीचं अक्षर काढत नाही. मी एकदाच विचारलं, मागची गादी मऊ आहे का गं? तर म्हणते, आप्पा, तुमच्या चष्म्याची काडी सैल झालीय, आणा इकडे. – आणि तिकडे तो लोळतोय गादीवर! तिने सांगितलं नसेल बसायला, मला माहीत आहे, हाच घुसला असेल गोदामाची चावी हातात आहे म्हणून. पण बसला ना. आणि आज तर काय, आज तिथे गोदामात गाडीचं कातडं सोलणार आहेत, आतले जोड तपासायचे म्हणे, आणि रात्री बंद ट्रकात घालून नेणार ती कायमची. खरा रंग मी बघणार, म्हणाला. मी इथे दगड मोजत बसलोय आणि खरा रंग हा बघणार! भिंत भिंत म्हणून मिरवतो, मागच्या अंगाला पत्रा फाटलाय हातभर, विहिरीच्या बाजूने कुणीही जावं आणि डोळा लावावा, आतलं सगळं –

उठलात का?

नाही, चाक झालं नाही अजून. म्हणजे झालंय, पॅच बसलाय, वाळायचाय. – विहीर? कुठली विहीर? तिकडे विहिरी पुष्कळ आहेत. मी आपला बोलत होतो, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेता, पत्रा फाटलेला असेल, नसेल, मी गेलोच नाही तिथे वर्षभरात. अहो, बसा ना. ऐका. फोटो निघाला तर कंपनीवाले विचारणार, वाट कुणी दाखवली. गोदाम सासऱ्याचं, चालवणारी सून, दुसरं नाव कुणाचं घेतील? काही बाहेर फोडणार नाही अशी सही करून घेतलीय तिच्याकडून. रस्त्यावरचा फोटो काढा, कातड्यासकट काढा, त्याला कोण नाही म्हणतंय – पण आतला नको. मी तिचा बाप आहे हो. मी त्याच्यावर जळलो म्हणून बोलून गेलो, तिच्यावर नव्हतो जळत.

हो, ठेवा ते पैसे खिशात. चाक देतो. देतो म्हणालो ना. फक्त ही व्हॉल्व्हची पिन माझ्या खिशात राहील. – ओरडा. दुसरं दुकान वर चढ संपल्यावर आहे, मोटारसायकल ढकलत न्यायची तर न्या, अंधार पडेल पोचेपर्यंत. नाहीतर बस इथे. बस म्हणतो ना पोरा. रात्री तो बंद ट्रक गेला की पिन देईन, हवा भरून देईन, फुकट.

ऐकलंत? चढावर. तीच. टायरचा आवाज येतो तिचा, इंजिनचा येतच नाही. – खाली घ्या तो कॅमेरा. आता रस्त्यावरचाही नको, माझं मन फिरलं. खाली घ्या –

गेली.

हात काळे आहेत माझे, कॅमेऱ्याच्या काचेला लागलं असेल. चिंधी देतो, पुसून घ्या.

मागचा दिवा बघितलात तुम्ही? ब्रेकचा. लागला होता ना, माझ्या दारासमोर? इथे ना वळण ना खड्डा, ना आडवं कुणी. तरी लागला. एवढासा लागला आणि विझला. लागला होता की नाही, तेवढंच सांगा.

राहू द्या. नका सांगू.