लालबागमधला बर्फ

हसणार असाल तर सांगत नाही. आमच्या दिलीपने नवी गाडी घेतली, तिच्यात बर्फात चालवायचा मोड होता. मी म्हटलं, "लालबागला बर्फ फक्त मासेवाल्यांकडे असतो. त्यावर चालवणार काय?"

"तसं नाय रे. बर्फात एकदम ताकद दिली की चाक जागच्या जागी फिरतं. या मोडमध्ये गाडी ताकद हळूहळू सोडते. तरी एखादं चाक घसरलंच, तर त्याला स्वतःच ब्रेक लावते."

रविवारी दुपारी त्याच्या वडिलांना, अप्पांना, घेऊन आम्ही मॉलला गेलो. तिथे पूर्वी गिरणी होती. अप्पा तिच्यात कापूस पिंजायच्या खात्यात दिवसपाळीला होते. संपानंतर त्यांनी त्या जागेत पाऊल टाकलं नव्हतं.

निघताना तळघरातल्या चढावर गाडी अडली. जमीन ठणठणीत कोरडी, तरी चाकं नुसती फिरत होती आणि डॅशबोर्डवर गाडी घसरत असल्याचा दिवा लुकलुकत होता.

मागून अप्पा शांतपणे म्हणाले, "जोर लावू नको. इथे खाली कापूस असतो, पाय सरकतो."

दिलीपने बर्फाचं बटण दाबलं. गाडी मुकाट वर चढली.

घरी उतरताना पाहिलं, तर अप्पांच्या केसांत, खांद्यांवर कापसाचं पांढरं तूस बसलेलं. गाडीच्या काचा तर सगळा वेळ बंद होत्या. मी झटकायला गेलो.

त्यांनी माझा हात धरला.

"आत्ताच कशाला झटकतोस? पाळी कुठे सुटलीय अजून."